माईंना आलेली पत्रं

साप्ताहिकाच्या कचेरीत तिला सगळे वेलांटी म्हणत. खरं नाव पगारपत्रकात होतं, ते तिथेच राहिलं. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या अरुंद खोलीत ती खिडकीकडे पाठ करून बसायची आणि छापायला जाणारी प्रत्येक ओळ तिच्या लाल पेनाखालून जायची. ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं दिसलं की तिच्या कपाळाला आठी पडे. लेखक मंडळी समोर तिला टरकून असत आणि पाठीमागे तिच्या नकला करत. तिला दोन्ही ठाऊक होतं, आणि दोन्हीचं काही वाटत नव्हतं.

अंकाचा जीव होता पान सतरा. तिथे 'माई सांगतात' हे सदर यायचं. तान्ह्या बाळांच्या आया आधी सतरावं पान उघडत, मग बाकीचा अंक नवऱ्याकडे सरकवत. माई कधीकाळी बालवाडीत शिकवत होत्या, पाच मुलं वाढवली होती, आणि एवढ्या भांडवलावर त्या दहा वर्षं सर्दी, खोकला, दात, जंत, कान, पोट सगळ्यांवर ठणकावून लिहीत होत्या. 'कदाचित' हा शब्द त्यांच्या लेखणीतून कधी उतरला नाही. दर बुधवारी त्या कचेरीत यायच्या, मजकूर द्यायच्या, संपादकांच्या खोलीत चहा घ्यायच्या आणि जाताना सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवायच्या. वेलांटीच्या पाठीवरूनही.

वेलांटीच्या घरी माईंची मोठी भक्त होती तिची सासू. दर शनिवारी सासूबाई सदर कापून वहीत चिकटवत. लेक झाली, तिला सगळे पिटुकली म्हणू लागले, तेव्हा ती वही स्वयंपाकघरातून पाळण्याशेजारी आली. नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता, महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी. घरात उरायच्या त्या दोघी, वही आणि पिटुकली.

पिटुकली नऊ महिन्यांची असताना एका शनिवारी दुपारपासून तिला जुलाब लागले. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. त्याच दिवशीच्या अंकात माईंनी नेमकं जुलाबांवर लिहिलं होतं. वेलांटीनं गुरुवारीच तो मजकूर तपासला होता, तीन चुका काढल्या होत्या. 'पोटाला विश्रांती द्या,' माईंनी लिहिलं होतं. 'बारा तास काही देऊ नका. दूध नको, पाणीही नको. वरून घातलं की खालून जाणारच. बाळ रडेल, आईनं मन घट्ट करावं.'

रविवारी उजाडल्यापासून वेलांटीनं मन घट्ट केलं. दूध दाटून छाती दुखत होती, पिटुकली तोंड लावायला धडपडत होती, आणि ती तिला खांद्यावर घेऊन खोलीभर फिरत होती. दुपारी पिटुकली रडायची थांबली. सासूबाई म्हणाल्या, बघ, आराम पडला. चार वाजता वेलांटीनं लंगोट बदलायला घेतला तर तो कोरडा. सकाळी बांधलेलाच लंगोट होता तो. तिनं पिटुकलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि टाळूपाशी बोट खाली गेलं, वाटीत गेल्यासारखं. बाळाचे डोळे अर्धवट उघडे होते. जीभ कोरडी ठक्क.

ती चपला न घालताच पळाली.

रुग्णालयातल्या बालविभागात आखूड केसांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पिटुकलीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, हळूहळू खाली बसली. मग एकाच वेळी चार हात कामाला लागले. हातावर शीर सापडेना, पायावर सापडेना, शेवटी डोक्यावर एका बाजूचे केस काढून तिथे सुई लावली. तासाभरानं बाई बाहेर आल्या आणि दूध का थांबवलं म्हणून विचारलं. वेलांटीनं सांगितलं, माईंनी लिहिलं होतं.

बाई खुर्चीत बसल्या. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं की जुलाबात बाळ जुलाबानं नाही, अंगातलं पाणी संपल्यानं जातं. अंगावरचं दूध उलट जास्त द्यायचं. औषधाच्या दुकानात मिळणारी मीठ-साखरेची पुडी सांगितलेल्या मापानं पाण्यात विरघळवून चमच्या-चमच्यानं पाजत राहायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, बाळ मलूल पडलं तर घड्याळ न बघता दवाखाना गाठायचा.

मग त्या म्हणाल्या, "सतराव्या पानावरून माझ्याकडे आलेलं या वर्षातलं हे तिसरं बाळ. आधीच्या दोघांतलं एक परत गेलं नाही."

पिटुकली पाच दिवसांनी घरी आली. वाचली, हसायला लागली, डोक्यावरची टकली जागा भरून आली. पण वेलांटीच्या आत काहीतरी कायमचं पेटलं. तो मजकूर तिनं स्वतः वाचला होता, हे तिला विसरता येत नव्हतं. 'विश्रांती'ची वेलांटी दीर्घ आहे की ऱ्हस्व हे तिनं कोशात बघितलं होतं. ते वाक्य खरं आहे का, हे बघायचं तिला सुचलं नव्हतं.

तरी तिनं रीतीनं सुरुवात केली. घरी बसून पत्र लिहिलं, काय घडलं ते सांगितलं, डॉक्टरीणबाईंचं म्हणणं लिहिलं आणि पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी अशी नम्र विनंती केली. खाली आपलं खरं नाव घातलं, जे कचेरीत कुणाच्या लक्षात नव्हतं. बुधवारी माई आल्या तेव्हा एका वाचक बाईचं पत्र आहे म्हणून पाकीट त्यांच्या हातात दिलं. माईंनी पाठीवरून हात फिरवला.

दोन आठवडे काही नाही. तिसऱ्या गुरुवारी सतराव्या पानाचा मजकूर टेबलावर आला आणि तिनं लाल पेन उघडलं. 'एका सुशिक्षित म्हणवणाऱ्या आईचं पत्र आलं आहे,' माईंनी लिहिलं होतं. 'बाळाची आबाळ स्वतः करायची आणि बोट माईकडे दाखवायचं. नोकरीपायी ज्यांना लेकराकडे बघायला वेळ नाही, त्यांनी अर्धवट वाचून अर्धवट उपाय करू नयेत. अशा निष्काळजि आयांची मला कीव येते.'

निष्काळजी चुकलं होतं. ऱ्हस्व पडलं होतं.

 वेलांटीनं स्वतःच्या हातानं त्याला दीर्घ वेलांटी दिली, पानाच्या कडेला आपली सही केली आणि पान आत पाठवलं.  त्या क्षणी तिनं ठरवलं, असं ती पुढे सांगायची. काय करायचं ते ठरलं नव्हतं, एवढंच ठरलं होतं की ही बाई लोकांसमोर, तिच्या स्वतःच्या तोंडानं पडली पाहिजे.

संपादकांकडेही ती गेली, नाही असं नाही. त्यांनी खुर्ची दिली, ऐकून घेतलं, बाळाची विचारपूस केली. मग सतराव्या पानावर अर्धा खप चालतो हे समजावलं. ती उठली तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ बघा. मजकूर बघायला आम्ही आहोत."

"बरं," ती म्हणाली.

त्यानंतर ती माईंशी जास्तच गोड वागू लागली. बुधवारी स्वतः चहा नेऊन द्यायची. लोक म्हणाले, वेलांटी निवळली. एका बुधवारी तिनं सहज विचारलं की माईंची पत्रं कुठे असतात, लावून देऊ का. माई हसल्या. कपाटामागे तीन खोकी होती, झेरॉक्सच्या कागदांची रिकामी खोकी, पाकिटांनी गच्च भरलेली. बहुतेक पाकिटं फोडलेलीसुद्धा नव्हती. सदरात दर आठवड्याला छापून येणारी 'दोन लेकरांची आई' आणि 'चिंतातुर मावशी' माईंच्याच पेनातून उतरायच्या. अक्षर तेच, 'खूप खूप गोड माई' तेच.

"टाकून दे ग ती," माई म्हणाल्या. "उगाच जागा अडवून बसलीत."

वेलांटीनं तीन संध्याकाळी तीन खोकी रिक्षानं घरी नेली.

पिटुकलीच्या आजारानंतर सासूबाई मोडून गेल्या होत्या. जेवायच्या नाहीत, नातीला उचलून घ्यायला धजायच्या नाहीत. वही त्यांनी स्वतःच फाडून बंबात घातली होती. सुनेनं खोकी समोर ठेवून काय करायचं ते सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, कात्री आणली आणि पहिलं पाकीट फोडलं. चार महिने रोज जेवणं झाली की दोघी बसत. पत्रं आठशेच्या वर निघाली. बहुतेक साधी होती. तीन आठवड्यांचं बाळ रोज संध्याकाळी गुडघे पोटाशी घेऊन रडतं, काय करू. दीड वर्षाची मुलगी मातीच खाते. लंगोटाच्या जागी लाल चट्टे उठलेत. कुणी तारीख घातली होती, कुणी उत्तराला तिकीट लावलेलं पाकीट जोडलं होतं. तिकीट लावलेली ती पाकिटं सासूबाई वेगळ्या गठ्ठ्यात ठेवायच्या.

आणि त्यांतच ती दुसरी पत्रं होती. तापात घाम काढा म्हणून सांगितलं, तीन पांघरुणांत गुंडाळलं, बाळाला झटका आला. कान वाहतोय तर कोमट तेल सोडा म्हणून सांगितलं, सोडलं, पू आत साचला, आता मुलगा त्या कानानं ऐकत नाही. खोकल्याला मध चाटवा म्हणून सांगितलं, बाळ पाच महिन्यांचं, अंगातली ताकदच गेली, मान धरेना. अशी अकरा पत्रं त्यांनी बाजूला काढली. वेलांटी ती पिशवीत घालून डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी एकेक वाचून कशात माईंच्या सल्ल्याचा दोष धरता येईल आणि कशात नाही ते सांगितलं. चार वगळली. राहिलेल्या सात आयांना वेलांटीनं पत्र लिहिलं: तुमचं पत्र नावासकट छापायचं आहे, चालेल का? पाच जणींचं हो आलं. कान गेलेल्या मुलाची आई तर स्वतःच दारात आली. शिवणकाम करणारी, बोटांना सुयांचे डाग, बोलणं कमी. तिनं विचारलं, हे माईला कळेल ना? वेलांटी म्हणाली, माईच वाचेल.

कारण तोवर संधी चालून आली होती. सदराला दहा वर्षं होत होती. संपादकांनी मोठं सभागृह ठरवलं, वाचक आयांना आमंत्रणं गेली. त्या दिवशी अंकात दोन पानं 'माईंना आलेली पत्रं' या मथळ्याखाली येणार होती, आणि व्यासपीठावर अंक उघडून माई त्यांतलं पहिलं पत्र स्वतः वाचून दाखवणार होत्या. पत्रं अर्थात माईंनीच लिहून आणली. सहाच्या सहा खूप खूप गोड.

संपादकांनी बुधवारी ती बघून मान्य केली. गुरुवारी दुरुस्त्या घेऊन वेलांटी पानं लावणाऱ्याच्या संगणकाशी जाऊन बसली. तो कितीतरी वर्षं तिच्या सहीवर पानं सोडत होता. तिनं त्याला नवा मजकूर दिला, पत्रं बदललीत म्हणाली. ते खोटं नव्हतं. मथळ्याला तिनं हात लावला नाही. मथळा आता पहिल्यांदा खरा होता. शेवटी एक चौकट तिनं डॉक्टरीणबाईंकडून लिहून आणली होती, जुलाब, ताप, कान आणि वर्षाच्या आतल्या बाळाला बाधणारा मध यांवर बारा ओळी. त्यातली एकेक ओळ तिनं या वेळी अर्थासाठी वाचली, तीनदा. पाच पत्रं आणि सहावं तिचं स्वतःचं, माईंना दिलेलं तेच. क्रमानं मात्र तिचं पहिलं. मग तिनं सही केली.

शनिवारी सकाळी सभागृह भरलं. कडेवर मुलं, मांडीवर मुलं, मागे ढकलगाड्यांची रांग. वेलांटी तिसऱ्या ओळीत बसली, मांडीवर पिटुकली, एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला शिवणकाम करणारी बाई आणि तिचा मुलगा. खुर्च्यांवर अंक ठेवलेले होते, पण कागदी वेष्टनात बंद. माईंच्या हस्ते प्रकाशन झाल्यावर उघडायचे होते. संपादकांचं भाषण झालं. माईंनी फीत सोडली, अंक उंचावला, टाळ्या घेतल्या. मग चष्मा लावला, मधलं पान उघडलं आणि त्या उबदार, सवयीच्या आवाजात वाचायला लागल्या.

"प्रिय माई, माझ्या सासूबाई तुमचं सदर दर शनिवारी कापून वहीत चिकटवतात. ती वही आमच्या बाळाच्या पाळण्याशेजारी असते." माई थांबून हसल्या. आयाही हसल्या. सगळीकडे वेष्टनं फाटत होती. "परवा बाळाला जुलाब लागले तेव्हा तुम्ही लिहिल्याप्रमाणे मी तिला दहा तास दूध दिलं नाही, पाणीही दिलं नाही. दुपारी तिचं रडणं थांबलं. मला वाटलं…"

माईंचा आवाज अडखळला. हे आपण लिहिलेलं नाही, एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं, पण डोळे सवयीनं पुढे गेले आणि ओठांनी आणखी अर्धी ओळ म्हटली. "मला वाटलं तिला आराम पडला. तिची टाळू…"

 सगळ्यांच्या हातात तेच पान होतं आणि सगळ्या पुढे वाचत होत्या. तीनशे बायका वाचताना कागदाचा जो आवाज होतो, तो वेलांटीनं अगदी शेवटच्या पानापर्यंत ऐकला. तो तिला गोड लागला. संपादक माईंच्या कानाशी लागले. माईंनी अंक मिटला आणि छपाईत काहीतरी घोटाळा झालेला दिसतो असं म्हणाल्या.

शिवणकाम करणारी बाई उठली. "घोटाळा नाही. चौथं पत्र माझं आहे," ती म्हणाली. "तेही वाचा. हा इथे बसलाय. उजव्या बाजूनं बोला म्हणजे त्याला ऐकू येईल."

माईंनी वाचलं नाही. त्या व्यासपीठाच्या मागच्या दारानं गेल्या. त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला कुणी पुढे झालं नाही.

सोमवारी वेलांटीला काढून टाकलं. संपादक पंधरा मिनिटं ओरडले, विश्वासघात म्हणाले. ती म्हणाली की तुम्ही मजकूर बघायला आहात असं मला सांगितलं होतं, मग छापण्याआधी लावलेली पानं एकदा का नाही बघितलीत? पानं लावणाऱ्याचा दोष नाही हे तिनं लेखी दिलं आणि लाल पेन पर्समध्ये टाकून जिना उतरली. पुढच्या अंकात संपादकांनी हा खोडसाळपणा आहे असं छापलं. त्यानंतरच्या आठवड्यात कचेरीत पोतंभर पत्रं आली, आणि या वेळी ती फोडावी लागली. महिनाभरात सतराव्या पानावर डॉक्टरीणबाई लिहू लागल्या. रटाळ लिहितात, 'कदाचित' फार वापरतात, अशी वाचकांची तक्रार आहे.

वेलांटीला दोन महिन्यांनी शाळेची पुस्तकं छापणाऱ्यांकडे काम मिळालं.

त्याच सुमारास एका दुपारी माई घरी आल्या. अंबाडा सैल, हातात पर्स घट्ट धरलेली. वेलांटी दारातच उभी राहिली. बसा म्हणाली नाही. माई आधी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या, चहा आणून देणारी ती हीच, हे पुन्हा पुन्हा पटवून घेतल्यासारख्या.

"तू मला सांगितलं असतंस, तर मी माफी मागितली असती ग."

"सांगितलं होतं. पाकीट तुमच्या हातात दिलं होतं."

"मला काय ठाऊक ते तुझं…"

"माझं नसतं तर काय झालं असतं?"

 लोक रस्त्यात तोंड फिरवतात, स्वतःची सून नातवाला माझ्याकडे ठेवत नाही, असं माई सांगू लागल्या. वेलांटीनं सगळं ऐकलं. हे ऐकताना आपल्याला दया येईल अशी तिला भीती होती. तिनं मनात चाचपून बघितलं. दया कुठे नव्हती.

आतून पिटुकलीच्या हसण्याचा आवाज आला. माईंनी मान उंचावून आत बघायचा प्रयत्न केला आणि विचारलं, "एकदा बघू का तिला?"

"नाही," वेलांटी म्हणाली, आणि दार लावलं.

आत सासूबाई जमिनीवर पत्रं पसरून बसल्या होत्या. तिकीट लावलेल्या पाकिटांना त्या एकेक करून उत्तरं लिहीत, दर गुरुवारी डॉक्टरीणबाईंकडे नेऊन दाखवत आणि मग टाकत. काही मुलं आता शाळेत जायला लागली असतील, तरी त्या लिहीत. कोण होतं, त्यांनी विचारलं. वेलांटीनं सांगितलं.

सासूबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग? झालं समाधान?"

"झालं," वेलांटी म्हणाली. "तिच्यापुरतं झालं. माझ्यापुरतं राहिलंय."

 सासूबाईंनी पत्रांचा एक गठ्ठा सुनेकडे सरकवला, आणि तिनं पेन घेतलं.